क्लबमध्ये वाजवायचंय? मग पहिला डीजे सेटअप असा निवडा

क्लबच्या बूथमधलं सामान डीजेचं नसतं, क्लबचं असतं. नवख्यांना हे बहुधा उशिरा कळतं आणि तोवर पैसे खर्च झालेले असतात. तुम्ही घरी कितीही मोठा कन्सोल मांडलात तरी क्लबमध्ये जाताना हातात हेडफोन आणि खिशात पेनड्राइव्ह एवढंच असणार. मग घरच्या सामानाचं काम काय? त्या परक्या बूथमध्ये आपले हात आणि कान गांगरू नयेत एवढी तयारी करून घेणं. खाली जे सुचवलं आहे ते याच एका कसोटीवर. स्वतःचे स्पीकर गाडीत घालून समारंभांना फिरणाऱ्या डीजेचं गणित वेगळं असतं, त्याला यातलं निम्मं लागू पडणार नाही.

पायरी १ : आधी बूथ बघा, मग दुकान

ज्या तीन-चार क्लबांत कधीतरी वाजवायची इच्छा आहे तिथे जाऊन बूथमध्ये काय मांडलं आहे ते बघा. लांबून दिसत नसेल तर साउंडवाल्याला किंवा वाजवून मोकळ्या झालेल्या डीजेला विचारा. वाजवत असताना मात्र विचारू नका.

बहुतेक ठिकाणी चित्र सारखंच दिसेल: गाणी वाजवणारे दोन ते चार प्लेअर आणि मधोमध त्यांचे आवाज मिसळणारा चार चॅनलचा मिक्सर (एक चॅनल म्हणजे एका प्लेअरच्या आवाजाची वाट). प्लेअर बहुतेकदा पायोनियर डीजेचे सीडीजे असतात. २००१ साली आलेल्या सीडीजे-१००० पासून या घराण्याने बूथचा ताबा घेतला. आज जे मॉडेल समोर येतील त्यांत २००९ चा सीडीजे-२०००, २०१२ चा त्याचा नेक्सस, २०१६ चा नेक्सस २ आणि २०२० चा सीडीजे-३००० हे मुख्य. नावात सीडी असली तरी ३००० मध्ये सीडी टाकायला फटच नाही. मिक्सर बहुधा डीजेएम-९०० नेक्सस २ किंवा २०२३ चा डीजेएम-ए९ असतो; काही टेक्नो क्लबांत अ‍ॅलन अँड हीथचे झोन मिक्सरही भेटतात. २०२४ पासून हीच कंपनी नवं सामान अल्फाथीटा या नावाने विकते आहे, त्यामुळे दुकानात दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका. काही बूथमध्ये डेनॉनचे प्लेअर असतात आणि जुन्या वळणाच्या जागी रेकॉर्ड वाजवणारे टेक्निक्सचे टर्नटेबल.

तुमच्या यादीतल्या चारपैकी तीन क्लबांत सीडीजे दिसले तर पुढचा अर्धा निर्णय झालाच म्हणायचा. घरी जे घ्याल त्याची मांडणी सीडीजे आणि डीजेएमसारखी हवी आणि गाणी रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये लावायची सवय हवी. कारण सीडीजेच्या पडद्यावर प्लेलिस्ट, क्यू पॉइंट (गाण्यात आपण केलेल्या खुणा), बीटग्रिड (ठोक्यांची आखणी) हे सगळं दिसायचं असेल तर पेनड्राइव्ह रेकॉर्डबॉक्समधून तयार केलेला लागतो.

पायरी २ : काय वाजवणार?

हाउस, टेक्नो, ट्रान्स अशा लांब मिसळणुकीच्या संगीतासाठी दोन प्लेअर, चांगले ईक्यू (जाड-बारीक स्वर कमी-जास्त करणारे नॉब) आणि गाण्याचा वेग बदलणारा नेमका टेम्पो स्लायडर एवढं पुरतं. हिप-हॉप आणि स्क्रॅचिंगकडे (तबकडी पुढे-मागे घासून आवाज काढण्याकडे) ओढा असेल तर वाट बदलते: सेराटो सॉफ्टवेअर, हलका क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी सरकपट्टी) असलेला दोन चॅनलचा बॅटल मिक्सर आणि टर्नटेबल किंवा फिरत्या तबकडीचा कंट्रोलर. दोन्ही जमवू असं वाटत असेल तर पहिल्या वर्षी एकच धरा. हा लेख पुढे पहिल्या वाटेने जातो, कारण क्लबमध्ये शिरू पाहणाऱ्या बहुतेकांची तीच असते.

पायरी ३ : कंट्रोलर, आणि तो लहानच

माझं मत सरळ आहे. पहिलं सामान म्हणजे दोन चॅनलचा, साउंड कार्ड आतच असलेला, लॅपटॉपला जोडायचा कंट्रोलर, म्हणजे दोन प्लेअर आणि मिक्सर यांची बटणं एकाच यंत्रावर. पायोनियर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४ हे याचं ठळक उदाहरण. त्याआधीचा २०१८ चा डीडीजे-४०० वापरलेला आणि चांगल्या अवस्थेत मिळाला तर तोही चालेल. या दोघांची बटणं आणि नॉब सीडीजे-डीजेएमच्या जागा डोळ्यांसमोर ठेवूनच मांडलेले आहेत. प्ले आणि क्यू खाली डाव्या हाताला, टेम्पो स्लायडर उजवीकडे, मधल्या भागात वरून खाली ट्रिम (गाण्याच्या आवाजाची मूळ पातळी), मग ईक्यूचे हाय, मिड, लो, त्याखाली फिल्टर आणि मग चॅनल फेडर (त्या चॅनलच्या आवाजाची उभी सरकपट्टी). अंधारात हात आपोआप ‘लो’वर गेला पाहिजे. ती सवय या मांडणीवर लागते आणि मोठ्या मिक्सरवर तशीच उपयोगी पडते.

निवडताना पाहायच्या गोष्टी, महत्त्वाच्या क्रमाने:

- हेडफोनसाठी वेगळा आवाज मिळतो का? लोकांना एक गाणं आणि तुमच्या कानात दुसरं, हे डीजेपणाचं मूळ आहे. काही अगदी स्वस्त कंट्रोलरमध्ये साउंड कार्डच नसतं आणि मग फाटे फुटणारी वायर जोडून काम भागवावं लागतं. ते घेऊ नका.
- प्रत्येक चॅनलला ट्रिम आणि तीन पट्ट्यांचा ईक्यू आहे का? दोनच पट्ट्या असतील तर पुढे बघा.
- टेम्पो स्लायडर किती लांब आहे? जेवढा लांब, तेवढा बारीक फरक बोटाने करता येतो. लहान कंट्रोलरची खरी उणीव इथेच असते आणि ती मान्य करून चालावं लागतं.
- रेकॉर्डबॉक्सची परफॉर्मन्स बाजू (लॅपटॉपवरून प्रत्यक्ष वाजवायची) त्या कंट्रोलरसोबत वेगळे पैसे न भरता उघडते का? एफएलएक्स४ जोडला की उघडते. सगळ्याच कंट्रोलरचं तसं नाही.
- आउटपुट कुठले आहेत? लहान कंट्रोलरना आरसीएच्या लाल-पांढऱ्या जोडण्या असतात. घरी तेवढं पुरतं. एक्सएलआर (मोठ्या साउंड सिस्टिमची तीन पिनांची जोडणी) आणि बूथचा वेगळा आउटपुट या पुढच्या गोष्टी.

या यादीत पॅडवरचे दिवे, इफेक्टची संख्या आणि चार चॅनल मुद्दाम नाहीत. चार चॅनलच्या कंट्रोलरवर नवखा माणूस दोनच वापरतो आणि उरलेल्या दोनांचे पैसे भरून मोकळा होतो. एफएलएक्स४ वर स्मार्ट फेडर नावाची एक सोय आहे: फेडर सरकवला की आवाज, बास आणि टेम्पो यांची जुळवाजुळव ती स्वतःच करते. मजेदार आहे, पण क्लबच्या डीजेएम-९०० वर ती नाही. चालू केलीत तर दोन दिवस खेळा आणि बंद करा.

बाकीच्या तीन वाटा

लॅपटॉपशिवाय चालणारे, पडदा असलेले ऑल-इन-वन हे दुसरं टोक. पायोनियर डीजेचा एक्सडीजे-आरएक्स३, अल्फाथीटाचा एक्सडीजे-एझेड, डेनॉनचे प्राइम आणि एससी लाइव्ह या जातीतले. पेनड्राइव्ह लावायचा, पडद्यावर प्लेलिस्ट उघडायची, वाजवायचं. म्हणजे क्लबमधली नेमकी कृती घरी. शिकायला याहून चांगलं काही नाही. पण किंमत लहान कंट्रोलरच्या कित्येक पट असते आणि डीजेगिरी आपल्याला खरंच आवडते का हे अजून ठरायचं असतं. सहा महिने नियमित सराव झाला, हातात दोन-तीन बरे रेकॉर्ड केलेले सेट (सलग वाजवलेल्या गाण्यांच्या मालिका) आले, की मग याचा विचार करा. तेव्हा एक तपशील मात्र पाहून घ्या. नव्या यंत्रांपैकी काही, उदाहरणार्थ ओपस-क्वाड, पेनड्राइव्हवर ‘डिव्हाइस लायब्ररी प्लस’ या नव्या प्रकारची यादी मागतात आणि क्लबमधले जुने सीडीजे आधीच्या प्रकारची. रेकॉर्डबॉक्समधून दोन्ही एकाच ड्राइव्हवर ठेवता येतात, पण ठेवल्या आहेत याची खात्री तुम्हीच करायची.

वापरलेले जुने सीडीजे आणि मिक्सर घ्यावेत का? हात बसवायला उत्तम, पण दोन प्लेअर, मिक्सर, वायरी मिळून खर्च आणि जागा दोन्ही वाढतात. आणि दुरुस्ती आली की भाग शोधत बसावं लागतं. ज्याला यंत्र उघडायची भीती वाटत नाही त्याने जरूर घ्यावेत.

टर्नटेबलवर प्रेम असेल तर गोष्ट निराळी. टेक्निक्सचा एसएल-१२०० १९७२ साली आला, आज ओळखीचा वाटणारा एमके२ १९७९ चा. २०१० मध्ये उत्पादन थांबलं आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं. थेट मोटरवर फिरणारी तबकडी आणि अधिक-उणे ८ टक्क्यांचा पिच स्लायडर, यावर कान जसा तयार होतो तसा दुसऱ्या कशावर होत नाही. पण रेकॉर्ड घेणं हा स्वतंत्र खर्च आहे आणि अनेक क्लबांच्या बूथमध्ये आज टर्नटेबल असतेच असं नाही. म्हणून पहिल्या खरेदीत मी ते धरत नाही.

वापरलेलं काहीही घेताना विकणाऱ्यासमोर चालवून बघा. फेडर पूर्ण खाली ओढल्यावरही गाणं झिरपत असेल तर फेडर गेलेला. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर आत धूळ किंवा झीज. टेम्पो स्लायडर मध्यावर आणल्यावर पडद्यावर शून्य दिसलं पाहिजे. प्ले आणि क्यू ही बटणं सगळ्यांत जास्त मार खातात, ती प्रत्येकी वीस-पंचवीस वेळा दाबा. यूएसबीची खोबण हलवून पाहा आणि मूळ पॉवर अडॅप्टर सोबत आहे का तेही.

पायरी ४ : लॅपटॉपचं थोडक्यात

नवा घ्यायची गरज बहुधा नसते. एसएसडी आणि ८ जीबी रॅम असेल तर दोन चॅनलचं काम होतं. आवाज तुटक येत असेल तर सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बफर (आवाजाचा आगाऊ साठा) थोडा वाढवा, वाय-फाय आणि बाकीचे प्रोग्रॅम बंद करा, चार्जर लावा. बफर फार वाढवला तर जॉग (कंट्रोलरवरची गोल तबकडी) फिरवल्यावर आवाज उशिरा हलेल, म्हणून जेवढ्याने खरखर थांबते तेवढाच.

पायरी ५ : हेडफोनवर हात आखडू नका

बूथमध्ये तुमचं स्वतःचं म्हणावं असं एकमेव यंत्र हेच. कंट्रोलरवर वाचवलेले पैसे इथे घाला.

हेडफोन बंद पाठीचा हवा, म्हणजे बाहेरचा आवाज आत फारसा येत नाही. बहुतेक डीजे एका कानाने स्पीकर आणि दुसऱ्याने हेडफोन ऐकतात, म्हणून एक कप मागे वळवता आला पाहिजे. वायर सुटी आणि बदलता येणारी असावी, कारण पहिली तुटते ती वायरच. सेनहायझरचा एचडी २५ हा १९८८ चा नमुना आजही बूथमध्ये दिसतो. तो हलका आहे, त्याचा एक कप वळतो आणि जवळपास प्रत्येक भाग वेगळा विकत मिळतो. दिसायला काही खास नाही. पायोनियर डीजेची एचडीजे मालिका आणि ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स हेही चालतात, मात्र एम५०एक्सचा पकडदाब तुम्हाला दोन तास सोसवतो का ते दुकानातच डोक्यावर घालून बघा.

लहान कंट्रोलरना बहुधा ३.५ मिमीचा जॅक असतो, मोठ्या मिक्सरना ६.३५ मिमीचा. जोडणारा अडॅप्टर सोबत येतो आणि हमखास हरवतो. दोन जादा घेऊन ठेवा.

ब्लूटूथ हेडफोनवर हे काम होत नाही. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज साधारण १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. १२५ बीपीएमच्या (मिनिटाला १२५ ठोक्यांच्या) गाण्यात एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे कानात ऐकू येणारा ठोका पाव ते जवळजवळ अर्ध्या ठोक्याने मागे. त्यावर जुळवणी करणार कशी? स्पीकर ब्लूटूथने जोडला तरी हीच अडचण, तोही वायरीनेच जोडा.

पायरी ६ : स्पीकर आणि कान

सुरुवातीला घरात जे स्पीकर आहेत ते चालतील, वायर लागत असेल तर. नवे घ्यायचेच असतील तर पाच इंची वूफरची अ‍ॅक्टिव्ह मॉनिटरची जोडी पुष्कळ झाली. क्लबसारखा बास घरी मिळणार नाही आणि शेजाऱ्यांचं त्यात भलंच आहे.

कानांचं मात्र आधीच बोललेलं बरं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची वरची मर्यादा सुचवली आहे, तीही १५ मिनिटांची सरासरी धरून. कामाच्या ठिकाणच्या आवाजाचे अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेचे निकष लावले तर १०० डेसिबलमध्ये रोज १५ मिनिटंच राहावं, ८५ डेसिबलमध्ये ८ तास. डीजे त्या आवाजात दोन-दोन तास उभा असतो. फिल्टरवाले इअरप्लग, जे सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या कमी करतात, ते हेडफोनसोबतच विकत घ्या. बूथ मॉनिटरचा (डीजेकडे तोंड केलेल्या स्पीकरचा) नॉबही तुमच्याच हातात असतो. गाणं जुळवून झालं की तो खाली आणा.

पायरी ७ : पेनड्राइव्ह आणि गाण्यांचा साठा

घरच्या कंट्रोलरवर सुरेख वाजवणारा माणूस क्लबमध्ये अडतो तो बहुतेकदा इथेच.

ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. पेनड्राइव्ह घेणारे सगळे सीडीजे तो वाचतात. मॅकचा एचएफएस प्लसही चालतो. एनटीएफएस चालत नाही आणि एक्सफॅट नव्या काही यंत्रांवर चालला तरी जुन्यांवर अडतो. विंडोजमधला फॉरमॅटचा नेहमीचा पर्याय अनेक वर्षं ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला एफएटी३२ देत नव्हता. तसं झालं तर वेगळं साधन लागतं किंवा मग सरळ ३२ जीबीचा ड्राइव्ह घ्या.

जागेचा हिशेब असा. ३२० केबीपीएसच्या एमपी३ ला मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात, म्हणजे सहा मिनिटांचं गाणं १४-१५ एमबी. ६४ जीबीवर अशी चार हजारांहून जास्त गाणी बसतात. एका सेटला तीस-चाळीस गाणी लागतात, तेव्हा मोठ्या ड्राइव्हच्या मागे लागू नका. त्यापेक्षा चांगल्या कंपनीचे दोन घ्या आणि दोन्हींवर तेच ठेवा.

फाइल कुठल्या प्रकारच्या? ३२० केबीपीएस एमपी३ सगळीकडे चालतो. दर्जा टिकवायचा असेल तर एआयएफएफ, कारण गाण्याचं नाव, कलाकार, मुखपृष्ठ ही माहिती त्यात नीट राहते. डब्ल्यूएव्हीत ती बऱ्याचदा हरवते आणि अंधारात पडद्यावर नुसती फाइलची नावं दिसतात. फ्लॅक नेक्सस २ आणि ३००० वर वाजतो, पण सीडीजे-२००० आणि पहिल्या नेक्ससवर वाजत नाही. समोर कुठलं मॉडेल येईल ते ठाऊक नसेल तर फ्लॅक ठेवू नका.

कंट्रोलरवर स्ट्रीमिंग सेवेतली गाणी वाजवता येतात, पण ती पेनड्राइव्हवर उतरवता येत नाहीत. घरचा सगळा सराव स्ट्रीमिंगवर केलात तर क्लबच्या दारात हात रिकामेच. बीटपोर्ट, बँडकॅम्प अशा ठिकाणांहून गाणी विकत घ्या. महिन्याला थोडी घ्या, पण प्रत्येक ऐकून घ्या. शंभर पाठ असलेली गाणी दोन हजार अनोळखी गाण्यांपेक्षा बूथमध्ये जास्त कामाची.

रेकॉर्डबॉक्समध्ये गाणं घातलं की ते बीपीएम आणि बीटग्रिड शोधतं. मोजताना ते कधी दुप्पट-निमपट करतं: १७४ चं ड्रम अँड बेस ८७ दाखवतं. जिवंत ढोलकऱ्याच्या जुन्या डिस्को गाण्यात ग्रिड हमखास सरकतो. प्रत्येक गाण्याचा पहिला ठोका ग्रिडवर बसला आहे का ते कान लावून तपासा. हॉट क्यू (बटण दाबताच गाणं जिथे उडी मारतं त्या खुणा) लावायचे ते मोजके. सीडीजे-२००० वर हॉट क्यूची तीनच बटणं आहेत, नेक्सस २ वर चार आणि बँक बदलून आठ. सातव्या-आठव्या हॉट क्यूवर सेट उभा केलात तर जुन्या प्लेअरसमोर तो कोसळेल. पहिल्या तीनांत काम भागवायची शिस्त लावून घ्या.

प्लेलिस्ट मूडप्रमाणे किंवा रात्रीच्या वेळेप्रमाणे लावा. ‘नवी गाणी’ नावाची तीनशे गाण्यांची यादी बूथमध्ये शून्य कामाची. आणि काम झाल्यावर ड्राइव्ह लॅपटॉपमधून रीतसर इजेक्ट करा. ओढून काढला की त्यावरची यादी बिघडू शकते, आणि ते उमगेल ते बूथमध्येच.

पायरी ८ : सराव क्लबच्या अटींवर

दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं सिंक बटण वाईट नाही. पण क्लबमध्ये दोन प्लेअर जोडलेले नसतील, ग्रिड चुकीचा असेल किंवा एका बाजूला टर्नटेबल असेल तर सिंक काहीच करत नाही. म्हणून आठवड्यातले निम्मे दिवस ते बंद. लॅपटॉपच्या पडद्यावर वेव्हफॉर्म (गाण्याच्या आवाजाचा आलेख) दिसतो तिथे कागद चिकटवा आणि कानाने जुळवा.

टेम्पो अर्ध्या टक्क्याने जरी चुकला तरी काय होतं ते बघा. १२५ बीपीएमला ३२ ठोके म्हणजे १५.३६ सेकंद. तेवढ्यात दोन गाणी जवळजवळ ७७ मिलिसेकंदांनी एकमेकांपासून सरकतात आणि किक (ड्रमचा जाड ठोका) दुहेरी ऐकू येऊ लागते. सीडीजेवर टेम्पोची कक्षा अधिक-उणे ६ ठेवली तर स्लायडरची एक पायरी ०.०२ टक्क्यांची असते. कक्षा ‘वाइड’ असेल तर एक पायरी थेट ०.५ टक्क्यांची, म्हणजे वरचा घोटाळा एका पायरीत. बूथमध्ये उभं राहिल्यावर आधीच्या डीजेने कक्षा कुठली ठेवली आहे ते पहिल्यांदा बघायचं ते यासाठी.

बहुतेक नृत्यसंगीत चार ठोक्यांच्या बारमध्ये आणि आठ बारच्या, म्हणजे ३२ ठोक्यांच्या, वाक्यांत चालतं. नवं गाणं नव्या वाक्याच्या पहिल्या ठोक्यावर सोडा. टेम्पो अचूक असूनही मिसळण विचित्र लागते तेव्हा दहापैकी नऊ वेळा हेच चुकलेलं असतं. दोन गाण्यांचा बास एकाच वेळी पूर्ण वाजू देऊ नका. एकाचा लो खाली, दुसऱ्याचा वर, वाक्याच्या सांध्यावर. डीजेएम-९०० नेक्सस २ चा ईक्यू साध्या पद्धतीत खाली उणे २६ डेसिबलपर्यंतच जातो, आयसोलेटर पद्धतीत पूर्ण बंद होतो. घरी रेकॉर्डबॉक्समध्ये हा प्रकार बदलता येतो, तेव्हा दोन्हींवर सराव करा.

आवाजाच्या पातळीचीही सवय घरीच लागते. गाण्याच्या सर्वांत जोरदार भागावर चॅनलचं मीटर हिरव्याच्या वरच्या टोकाला, फार तर नारिंगीत जाईल एवढा ट्रिम ठेवा. लाल दिव्याने आवाज मोठा होत नाही, फाटतो. क्लबचा साउंडवाला तुमचं मिक्सिंग विसरेल, लाल दिवे विसरणार नाही.

दर आठवड्याला तीस मिनिटांचा सेट रेकॉर्ड करा, मध्ये न थांबता, आणि दुसऱ्या दिवशी चालता-फिरता ऐका. त्यातलाच एखादा पुढे कार्यक्रम ठरवणाऱ्यांना पाठवायच्या कामी येतो.

पायरी ९ : खऱ्या सीडीजेवर काही तास

पहिल्या कार्यक्रमाआधी तासाच्या भाड्याने मिळणारा सराव-स्टुडिओ शोधा, डीजे शिकवणाऱ्या संस्थेत विचारा, किंवा एखाद्या क्लबला दुपारी बूथ उघडून द्यायची विनंती करा. तिथे गाणी छान मिसळत बसू नका, ते घरी होतं. तिथे यंत्र समजून घ्या. ड्राइव्ह लावल्यावर यादी कशी उघडते, एका प्लेअरमधला ड्राइव्ह नेटवर्क वायरीने दुसऱ्यात कसा दिसतो, गाणी बीपीएमप्रमाणे कशी लावायची, क्वांटाइझ (खुणा ठोक्यावर बसवणं), मास्टर टेम्पो (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणं) आणि जॉगची व्हिनाइल पद्धत (वरून दाबलं की गाणं थांबणं) कुठून चालू-बंद होते. मोठा, जड जॉग पहिल्या अर्ध्या तासात परका वाटतो, मग बरा वाटतो. रेकॉर्डबॉक्समध्ये ‘माय सेटिंग्ज’ आहे. तुमच्या आवडीची जुळणी पेनड्राइव्हवर साठवून प्लेअरवर एका फटक्यात लादता येते. ते करून ठेवा.

काही लहान जागी सीडीजे नसतात आणि ‘तुमचा कंट्रोलर आणा’ म्हणतात. मग आरसीएची लांब वायर, आरसीएवरून ६.३५ मिमी आणि एक्सएलआरवर जाणारे अडॅप्टर सोबत हवेत. मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडायचं, फोनोला नाही. फोनो टर्नटेबलच्या क्षीण सिग्नलसाठी असतो, त्यावर कंट्रोलर लावला की आवाज फाटून बाहेर येतो. घुं आवाज येत असेल तर बहुधा वीजजोडणीतला अर्थिंगचा घोळ असतो, साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स (असा घुं आवाज तोडणारी डबी) मागा.

पायरी १० : पहिल्या रात्रीची पिशवी

हेडफोन, दोन पेनड्राइव्ह, हेडफोनचे अडॅप्टर, इअरप्लग, छोटा टॉर्च. तुमची वेळ सुरू व्हायच्या अर्धा तास आधी बूथजवळ पोचा आणि आधीच्या डीजेला विचारूनच मोकळ्या प्लेअरमध्ये ड्राइव्ह लावा. यादी उघडायला थोडा वेळ लागतो, तो त्याच्या गाण्यात जाऊ द्या. सुरुवातीच्या वेळेत वाजवायचं असेल तर रात्रीची सगळ्यांत जोरदार गाणी बाजूला ठेवा, ती नंतरच्या माणसाची. त्याचं शेवटचं गाणं कापू नका, पुरं मिसळून घ्या.

तुमची वेळ संपली की पुढच्याचं पहिलं गाणं त्याच्याच ड्राइव्हवरून वाजायला लागेपर्यंत थांबा. प्लेअर एकमेकांना जोडलेले असतील तर तुमच्या ड्राइव्हवरचं गाणं दुसऱ्याच प्लेअरवर चालू असू शकतं. आधी पडद्यावर बघा, मग तुमच्या प्लेअरचं यूएसबी स्टॉप बटण दाबून धरा, दिवा विझला की ड्राइव्ह काढा. ट्रिम आणि ईक्यू जागेवर आणून ठेवा, हेडफोनची वायर सोडवा आणि दुसरा पेनड्राइव्ह मिक्सरच्या मागे राहिला नाही ना ते टॉर्च मारून पाहा.